चक थांबेपर्यंत

उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर.
घरी आलो तरी कानात टर्निंग चालूच.
कंबरेनं दगा दिला, तेव्हा मुजावरांची आफरीन म्हणाली,
काका, जोर-बैठका बास. आता नुसतं पडून राहायचं.
पडून राहायला फी?
मला हसू आलं.

आता रोज पहाटे घोंगड्यावर,
तळव्याला तळवा लावून
गुडघे दोन्हीकडं सोडून देतो.
पाच मिनिटं. हलायचं न्हाई.

आधी मांडी भांडते.
मग गडहिंग्लजच्या पार्टीची उधारी आठवते,
गंगावेशीत म्हशी धारेला आल्या असतील, किटली कोण नेणार.
येऊ दे. मी कुठं उठणार आहे?

स्विच बंद केला तरी
चक फिरतच राहतो थोडा वेळ.
नवी पोरं हातानं थांबवायला बघतात,
मी ओरडतो, बोटं जातील रे,
त्याचं त्याला थांबू दे.

एकतीस वर्षं हे
दुसऱ्यांनाच सांगत होतो.

आज डावा गुडघा
जमिनीपासून जरा वरच राहिला.
दोन सुतं असेल, तीन असेल.
मोजलं न्हाई.