वहीची मागची बाजू

वही सरकारनं दिलेली नाही, माझी आहे.
निपाणीच्या बाजारात वीस रुपयांना घेतली,
पुठ्ठ्यावर हत्ती.
पहिल्या पानावर लिहिलं :
बायकांची तपासणी, २६ मार्च, गुरुवार,
पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, शाळेची खोली नंबर दोन.

खाली एकतीस नावं.
एकेका नावासाठी किती चकरा मारल्या
ते माझ्या चपलेला विचारा.
सुबद्रा म्हणाली, मला काय धाड भरलीय?
निंगव्वा कन्नडात काहीतरी पुटपुटली,
तिची सासू तोंडाला पदर लावून हसली,
पण नाव दिलं.
रझिया म्हणाली, डॉक्टर बाई असेल तरच.
बाईच आहे गं, चिकोडीहून येणार आहे.
लाज मोडावी म्हणून
एक नंबरवर मी माझंच नाव घातलं.

पाडवा घरात झाला. शाळेला कुलूप.
चिकोडीहून कोणी आलं नाही.
मग वही उलटी केली
आणि मागच्या पानापासून दुसरी यादी धरली :
पुण्याहून आलेले, इचलकरंजीहून आलेले,
हातावर शिक्का असलेले,
शिक्का घासून काढलेले.

कागद कन्नडात, विचारणं मराठीत.
ताप? न्हाई.
खोकला? अगं, तंबाखूच्या वखारीत जन्म गेला,
आमच्यात खोकला कुणाला न्हाई?
चव लागते? कशाची लागंल, आमटीत डाळ कुठाय.
बंदूक कपाळाला, आकडा कागदाला,
पुढचं दार.

आनक्का चौगुलेचा आकडा नेहमीचाच आला.
मी वळले तर म्हणाली, वाईच थांब की.
पदराआडून हात काखेकडे गेला.
"हितं हरभऱ्याएवढं कायतरी हाय.
दुखत न्हाई."
उंबऱ्यात तिचा नवरा,
माझ्यामागे पंचायतीचा माणूस, घड्याळ बघत.
मी म्हटलं, दुखत नाही ना,
मग सगळं उघडलं की बघू.
कागदावर त्याला रकाना नव्हता.
मी लिहिलं : लक्षण नाही.

उघडलं, मिटलं, परत उघडलं.
हरभऱ्याची सुपारी झाली.
कोल्हापूर चाळीस किलोमीटर,
मधे कोगनोळीचा नाका.
जायला पास लागत होता तेव्हा पास नव्हता,
यायला रिपोर्ट लागला तेव्हा रिपोर्ट
चार तासांनी शिळा.
आमचा मुलूख कुणाचा, हे भांडण मी पाळण्यात ऐकलंय.
त्या रात्री टेम्पोत, डांबरावर,
सुया टोचून आलेल्या आनक्काला
दोन्हीकडचं कोणी
आपली म्हणालं नाही.

मागची यादी वाढत वाढत पुढं आली.
शेवटचा रुग्ण लिहिला तेव्हा
पानावर एकतिसावं नाव होतं, उलटं,
पाय वर करून झोपल्यासारखं.
त्याच्याखाली रेघभर जागा.
वही संपली.

आनक्काचं नाव मी खोडलं नाही. सातवं आहे.
आमच्याकडे कोणी भेटायचं राहिलं
की म्हणतात, गाठ पडली नाही.
हा शब्द आता
माझ्या तोंडून जपूनच निघतो.

दोन वर्षांनी खोली नंबर दोन उघडली.
फळ्यावर जुनाच सुविचार, अर्धा पुसलेला.
बाकांना जोडून टेबल, मधे कुणाची तरी चादर,
कापूस, बॅटरी, व्हिनेगरची बाटली.
एकोणीस आल्या.
रझिया दारापर्यंत आली, परत गेली,
मग पोरीला घेऊन आली.
निंगव्वाची सासू एकटीच आली.
मी काही विचारलं नाही.

चादरीतून डॉक्टरबाईंनी मान काढली :
पहिलं कोण?
कोणी हलेना.
मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या,
सुबद्रा तर थेट,
जशी मी तेव्हा दारादारात
त्यांच्याकडे बघत होते.

पायांतल्या चपला काढल्या.
पेन सुबद्राच्या हातात दिलं.