गोंदूर ते जळगाव

पन्नास मैल, हेमांगी म्हणाली, समुद्री.
मी म्हटलं, आपल्याकडं समुद्र कुठून आला,
पांझरेतच पाणी नसतं.
ती हसली नाही. पहिल्यांदा एकटी जाणार होती.
मांडीला बांधायच्या पाटीवर पेन्सिलीनं लिहीत होती:
जाताना अठ्ठावीस मिनिटं, येताना चौतीस.
मधली सहा कुठं गेली?
वाऱ्यानं खाल्ली, पप्पा.

एकतीस वर्षं मी याच वाटेवर तिकिटं फाडली.
मला हे अंतर किलोमीटरमध्ये येत नाही,
सुट्ट्या पैशांत येतं.
फागणे. मुकटी. पारोळ्याला दहा मिनिटं, ड्रायव्हरचा चहा.
एरंडोल, पिंपरी, पाळधी,
आणि बांभोरीच्या पुलाखाली गिरणा दिसली
की मागची माणसं आपोआप पिशव्या उचलायची.
हाफ तिकिटात कोंबलेली मिसरूड फुटलेली पोरं,
भरताच्या वांग्यांचं पोतं, त्याचं लगेज कोण देणार यावरून भांडण.
एक म्हातारा एरंडोलपर्यंत होता.
त्याचं तिकीट जळगावपर्यंतचं होतं.

तिला काही न सांगता सव्वासातची धरली.
डावीकडची खिडकी मागून घेतली,
कंडक्टर पोरगा नवा, मला ओळखत नव्हता,
मी पूर्ण पैसे दिले.

पारोळ्याच्या स्टँडवर हातात ग्लास असताना
वरून शिलाई मशीनसारखा आवाज गेला.
मी वर पाहिलं. पाण्याच्या टाकीवर एक कावळा.
शेजारचा म्हणाला, काय हरवलं, आबा?
म्हटलं, माझी पोरगी चालली आहे.
त्यानं स्टँडावरच्या सगळ्या गाड्यांकडे बघितलं.

एरंडोल सुटल्यावर तोच आवाज उलटा आला.
तेव्हा दिसली. म्हणजे, एक ठिपका दिसला,
कपाशीच्या वर, बोटाच्या नखाएवढा,
गाडीनं वळण घेतलं आणि खिडकीतून तो गळाला.

कुसुंब्याला विमानतळाच्या फाटकाशी पोचलो, दहा वाजून गेले होते.
शिपाई म्हणाला, ती लहानवाली? ती आली नि गेली.
आत कुंपणापलीकडं वाऱ्याची पिशवी
धुळ्याकडं पाठ करून फुगली होती.
म्हणजे खातच होता अजून.
तेवढ्यात बायकोचा फोन:
उतरनी पोर. तुम्ही कोठे शेतस?
मी काही बोललो नाही. बाजारात आहे म्हटलं.

रात्री तिनं मला पाटी दाखवली.
वरही खुणा लागतात, पप्पा, नाहीतर चुकतो माणूस.
रेडिओवर सांगावं लागतं, आत्ता कुठं आहे ते.
मी चष्मा लावून वाचलं.
पारोळा. एरंडोल. गिरणेचा पूल.
माझेच टप्पे, तिच्या अक्षरात,
प्रत्येकासमोर मिनिटं, जिथं मी भाडं लिहायचो.

बराच वेळ पाटी हातात धरून बसलो.
मग विचारलं,
आणि मुकटी?
मुकटी वरून दिसत नाही हो नीट.
दिसत नाही म्हणजे?
मुकटीला कुणी उतरायचंच नाही का?