वाऱ्याचा रकाना

पुरेवजाव आजोबांनी हार्ड डिस्क आणली
ती लोकरी मोज्यात घालून.
रात्रभर बाल्कनीत ठेवली होती म्हणे, उणे एकतीसमध्ये.
भाच्यानं सांगितलेलं, गारठवली की एकदा तरी चालते.
उलानबातरमध्ये फ्रीजर लागतो कुणाला!

म्हटलं, आता हिला हात लावायचा नाही.
पिशवीत बंद, स्टोव्हपासून लांब, उद्यापर्यंत.
आतल्या तबकडीवर दव धरलं
तर उरलंसुरलंही जाईल.
ते "बरं" म्हणाले आणि उठलेच नाहीत.
दुकान बंद होईस्तोवर स्टुलावर,
दवाखान्याबाहेर बसतात तसे.

दुसऱ्या दिवशी वीज दिली.
टक्. टक्. टक्. जरा थांबून, टक्.
अकरा वर्षं ऐकतेय मी हा आवाज,
उंबरा चाचपणारी काठी,
जिला उंबरा सापडत नाही.

"काय आहे यात?"
"वारा."
गोबीतल्या एका ठाण्यावरचा, सत्तावीस वर्षांचा,
दिवसातून आठ वेळा. दिशा आणि वेग.
"आणि वह्या?"
बायको आजारी होती त्या हिवाळ्यात कोळसा संपला.
"वाटलं, यंत्रात आहे की सगळं.
छान जळाल्या. कागद जाड होता."

केबल बदलून पाहिली, पॉवर सप्लाय बदलून पाहिला,
मनाचं समाधान.
मग प्रत काढायला घेतली.
सहज वाचेल ते आधी. अडलं की सोडून पुढे.
आजारी माणसाला
तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारू नये.
नंतर उलट्या टोकाकडून.
मध्येच रुसून बसली की वीज काढायची,
तिला गार होऊ द्यायचं, आपला चहा गरम करायचा.
चहा आजोबांचा, थर्मासमधला, खारा, दुधाळ.
चार दिवस रोज येत होते.
पडद्यावर हिरवं सरकत गेलं,
मधेमधे लाल राहिलं, गोवर उठल्यासारखं.
पाचव्या पहाटे टकटकही थांबली.
गरगर नाही, काही नाही.

पण हाती आलं होतं शंभरातलं नव्व्याण्णव आणि वर थोडं.
मी खूश. कुणीही झालं असतं.

चष्मा पुसून ते वाचत बसले,
रकान्यावरून बोट फिरवत.
नोकरीचं सहावं वर्ष, मार्च. बोट थांबलं.
"ओयुंगेरेल, ही शून्यं कुणी लिहिली?"
सांगितलं, जिथं वाचता येत नाही
तिथं प्रोग्राम शून्य भरतो. रीतच आहे तशी.

"शून्य म्हणजे वारा पडलेला.
धूर सरळ वर जातो. ते मी बाहेर उभं राहून बघतो
आणि मग लिहितो.
या तीन दिवसांत तर मोजायचा खांबच उपटून नेला वाऱ्यानं.
दोंदोगच्या चारशे मेंढ्या,
आणि दोंदोगचा धाकटा..."
पुढे बोलले नाहीत.

"वेग आठवतोय का? भरून टाकू."
आठवत होता. चेहऱ्यावर दिसत होता.
"नको. आठवण वेगळी, नोंद वेगळी.
एका रकान्यात नको."

त्या रात्री मी खोटी शून्यं वेचत बसले.
न वाचलेल्या जागांचा नकाशा होता माझ्याकडे,
तांदूळ निवडावेत तसं एकेक.
खरी शून्यं निघाली बाराशेच्या आसपास.
सत्तावीस वर्षांत बाराशे वेळा
कुणीतरी दाराबाहेर येऊन
काहीच हलत नाही, हे पाहून गेलं होतं.
ती राहू दिली. बाकीच्यांच्या जागी आडवी रेघ.

प्रत घेतली त्यांनी, पैसे मोजून दिले,
आणि मेलेली डिस्क परत मोज्यात घालू लागले.
"आता हिचं काय करणार?"
"ते तीन दिवस हिच्यातच आहेत ना."

दाराशी थांबले.
समोरच्या वस्तीतला चुलींचा धूर
काठीसारखा सरळ वर चढत होता.
बघितला. मनगटावरचं घड्याळ बघितलं.
खिशात पेन्सिल शोधू लागले.