ली

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानाच्या वर,
संध्याकाळी सहा ते सात इंग्रजीचा क्लास.
आम्ही अकरा नर्सेस, सगळ्यांना आयर्लंड गाठायचंय.
वसावडा मॅडम फळ्यावर लिहितात, हात झटकतात:
माणूस कसा आहे, तर स्लो.
माणूस कसं करतो, तर मागे ली.

मला हसू येतं.
आमच्यात ली लागली म्हणजे
कुणी बाई आली, गेली, दमली,
डबा न उघडताच ड्यूटीला उभी राहिली.
इथे पुरुषही हळूली चालतात.

बाकी बसलं डोक्यात.
पेशंट स्लेप्ट बॅडली, ब्रीदिंग स्लोली.
अडते मी फक्त लुकपाशी.
आपलं दिसणं वेगळं, पाहणं वेगळं,
दोन दारं, दोन कड्या.
त्यांचं दार एकच.
लुक्स सॅड: उदास दिसतो.
लुक्स सॅडली: उदासपणे पाहतो.
माझ्या वहीत सगळीकडे ली, मॅडमची तांबडी काट.
"दिस इज व्हेरी बॅड," म्हणाल्या,
आणि चष्म्यावरून बघत,
"बॅडली नाही हं, सिस्टर खानविलकर."

परवाची नाइट.
बेड नऊ, रमणीकभाई, मंगळबाजारात कुलपांचा गाळा.
तीन दिवस तोंडातून शब्द नाही.
मुलगा बाकावर बुटांसकट झोपलेला.
त्यांचे डोळे अर्धे उघडे, माझ्याच दिशेला,
आणि मी चार्ट हातात धरून
त्याच फळ्यापुढे उभी:
हे उदास दिसताहेत,
की उदासपणे पाहताहेत?
ली लावायची तर आत
कुणीतरी घरी असायला हवं.

वाकले. "काका, केम छो?"
काहीतरीच विचारलं.
ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडे, बुडबुडे.
टॉर्च मारला उजव्या डोळ्यात.

बाहुली
आकसली.

मी तिथेच पुटपुटले, ली.
पलीकडच्या बेडवरची बाई म्हणाली, काय?
म्हटलं, काही नाही, झोपा.

चार्टवर लिहिलं, तीन चाळीस.
प्युपिल्स रिअॅक्टिंग.
बोटभर रकाना, त्यात सॅडही मावत नाही, सॅडलीही.

सकाळी मुलगा केस सारखे करत आला.
"कसे आहेत?"
जीभ चाचपली मी, मराठी, गुजराती, फळ्यावरची,
आणि म्हटलं,
"आहेत."