पोल मोजत

धाव दहाच किलोमीटरची, पण बॅनरवर मॅरेथॉन.
आमच्या वसमतला गोष्ट लहान असली
तरी नाव मोठंच लावतात.

सकाळचे सव्वासात. भादवा.
रात्री एक सर येऊन गेली
आणि आता डांबर वाफ सोडतंय.
आभाळ खाली आलेलं, मळकट,
झाकण दाबून धरल्यासारखं.
लिंबाचं पान हलत नाही.
मोंढ्यातल्या बंद गोदामांतून
जुन्या हळदीचा वास बाहेर येतो, दमट,
आणि घशाला बसतो.

तेवीस वर्षं झाली, मी वायरमन.
गाव मला पोलांनी पाठ आहे.
दोन पोलांत पन्नास मीटर,
म्हणजे दहा किलोमीटरला दोनशे पोल.
बाकीचे मनगटातली घड्याळं बघतात,
मी वर बघत पळतो.

बेचाळीस. इथं दर उन्हाळ्यात आकडे पडतात.
सत्तावन्न. इथं घुबड चिकटलं होतं,
मीच काढलं, लाकडाच्या काठीनं.
एक्क्याऐंशी, वाकलेला. ट्रॅक्टर.
पाणी वाटणारी पोरं टाळ्या वाजवतात,
ओट्यावरच्या पद्मिनबाई नाही वाजवत.
"कामून पळायलास रे? कुठं लाईन तुटली का?"
बोलायला दम नाही. हात हलवतो.

शंभराच्या पुढं घामाचा हिशेब सुटला.
डोळ्यांत मीठ, बुटांत पाणी,
छातीवरचा कागद, दोनशे सात,
त्यातला साताचा पाय विरघळून खाली आला.
पुढं खिल्लाऱ्याची राधिका, नववीतली,
चप्पल हातात घेऊन पळते.
तिच्या टाचा तेवढ्या दिसतात.
त्या टाचांच्या मागं मागं
मी दीडशे ओलांडले.

अशा हवेत चिनीमातीचा चिमटा कुजबुजतो.
ऐकायला कान लागतो. चर्रर्र,
तव्यावर थेंब पडावा तसं.
एकशे त्रेसष्टला ऐकलं.
पोळ्यालाच सांगितलं होतं साहेबांना, बदला म्हणून.
मी मान खाली घालून पळालो.
आज सुट्टी आहे माझी.

मग धप्प.
लांबून डोईफोडे सरांचा माईक
'आपल्या गावाचं नाव' एवढ्यावरच मेला.

एकशे एक्क्याऐंशीला डीपी आहे.
पाय आपोआप थांबले. पायांना तीच सवय.
सबस्टेशनला फोन लावला, लाईन बंद करून घेतली.
नवा पोरगा गाडीवर काठी, हातमोजे घेऊन आला,
माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, तुम्ही तर न्हाऊन आलाव."

ओल्या अंगानं वर चढू नये.
पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं,
आणि मी त्याला तेच शिकवलंय.
तो चढतो म्हणाला. नाही म्हटलं,
त्याला अजून सहा महिने झाले नाहीत.

मग मी हात पसरून उभा राहिलो, वाळत.
वारा नव्हता.
शेख गौसनं पंक्चरच्या दुकानातून पंचा दिला,
ग्रीसचा वास असलेला.
पुसलं की पुन्हा फुटायचं,
कपाळावर, मानेवर, कोपराच्या खळगीत.
सगळे पुढं गेले.
मोंढ्याचे अडतवाले गेले, तहसीलचे कारकून गेले,
फोटोपुरते पळणारे डॉक्टरसुद्धा, चालत, गेले.
एकानं विचारलं, "पाय आखडला का?"
दुसऱ्यानं, "लाईट कवा येईल?"

पाऊण तासानं तळवे कोरडे झाले.
चढलो. नंबर अजून छातीला टाचलेला.
वरून बघितलं तर रस्ता केवढासा,
त्यावर बिस्लेरीच्या बाटल्या,
आणि लांब मैदानात राधिका
कुणाचीतरी छत्री धरून बसलेली.

खाली उतरलो. फोन केला. लाईन आली.
माईक गरगरला आणि म्हणाला,
'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग.'
घरोघरचे पंखे एकदम लागले.

एकोणीस पोल उरले होते.
चालत गेलो. मोजले नाहीत.
मंडप निम्मा सुटला होता,
डोईफोडे सर वही मिटत होते.
"वेळ काय लिहू?" म्हणाले.
टेबलावर एक केळं होतं, काळं पडलेलं.
ते घेतलं.