वाळूचा स्रोत

मे महिन्यात गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते.
नाना पेठेतल्या बोळात सात बुलेटी,
टाक्या रिकाम्या, आरसे काढलेले,
गोणपाटात शिवून घ्यायला तयार.
झेलमच्या पार्सल डब्यातून त्या जम्मूला जातील,
मागून त्यांचे मालक विमानाने.

मी विचारतो, कुठवर?
ते बोटांवर मोजतात :
खारदुंग ला, नुब्रा, पँगाँग, जमलं तर हानले,
तिथे म्हणे रात्री आकाश अंगावर येतं.
मी वहीत लिहितो :
क्लच केबल दोन, ट्यूब दोन, चेनची कडी,
जुन्या कार्बोरेटरला बारीक जेट,
कारण वर हवा कमी, पेट्रोल तेवढंच.
नव्या गाड्यांना सेन्सर असतो,
त्यांचं त्यांना कळतं आपण किती चढलो ते.
माणसांना कळत नाही.
निफाडकर लेहच्या दवाखान्यात
दोन रात्री नाकात नळी घालून पडून होते,
बुलेट बाहेर ठणठणीत.

ऑगस्टात सगळे परत येतात.
ते मोबाईल उघडतात, मी एअर फिल्टर.
त्यांच्याकडे तळ्याची निळाई,
राफ्टिंगचे भिजलेले चेहरे, गोंपाच्या पायऱ्या.
माझ्याकडे पिठासारखी करडी धूळ, मोरे मैदानातली,
आणि जरा जाडसर, चमचमती, ती हुंदरची,
जिथे दोन मदारींच्या उंटावर बसून
पंधरा मिनिटं फिरवतात.
लायनर जळालेले दिसले
की समजायचं, एकवीस वळणं गडी ब्रेकवर उतरला.
सायलेन्सरात गाळ असला
की नाल्याच्या मध्यावर घाबरून गिअर सोडला.
मी बोलत नाही. बिलात दिसतं.

कौमुदी रास्ते एकटीच गेली होती.
तिची गाडी काही म्हणजे काही सांगेना.
चेन तेलात, बोल्ट जागच्या जागी.
हँडलला फक्त सुतळीची एक गाठ,
रंगीत पताका कुठेतरी सोडून आलेली.
गाठ मी कापली नाही. धुतानाही सांभाळली.

एक जण म्हणाला, तिथे एक टेकडी आहे,
न्यूट्रलला टाकली की गाडी आपोआप चढावर जाते.
मी म्हटलं, मग माझ्याकडे कशाला आणलीत?

मी वेल्ह्याचा. डोंगर मला नवा नाही.
पण त्यांच्या फोटोतला डोंगर बघून तोंड कोरडं पडतं,
एक झुडूप नाही, एक करवंद नाही.
आमच्या तोरण्याला चैत्रातसुद्धा
पोटापुरतं काहीतरी मिळतं.

मुलगी सातवीत. भूगोलाचा प्रकल्प : शीत वाळवंट.
सगळ्यांनी चित्रं चिकटवली.
गौतमीने खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत
वाळू नेली, चाळून, तेल निथळवून.
बाईंनी लाल शाईत लिहिलं : छान. स्रोत?
तिने मला विचारलं, काय लिहू?
म्हटलं, लिही, तीन गाड्या, गेल्या वर्षीच्या,
दोन फोमचे फिल्टर, एक कागदी.
तिने तसंच लिहिलं.
अर्धा मार्क गेला.

डबी आता स्पॅनरच्या फळीवर असते.
दरवर्षी थोडी भर पडते.
कुणी विचारलं तर सांगतो, ग्राइंडिंगची पावडर आहे.

आणि गाडी ताब्यात देण्याआधी
प्रत्येकीला मी एकदा बोपदेव घाटात नेतो.
रात्री दहानंतर, हेल्मेटच्या आत गप्प.
माथ्यावर इंजिन बंद करतो.
खाली कोंढव्याचे दिवे, वर जेमतेम आठ-दहा चांदण्या,
आणि मधे थंड होत जाणाऱ्या लोखंडाची
टिक, टिक.
वारा असतो. हवाही भरपूर.
मीटरवर छत्तीस किलोमीटर वाढतात.
कुणी विचारत नाही.

निफाडकर विचारतात.
त्यांना सांगतो, ब्रेक बसायला
घाट लागतो, साहेब.