तिसरी तबकडी

लोक पहिलीबद्दलच बोलतात.
मासळीच्या शीतगृहात, मार्च महिन्यात,
हातमोज्यांची बोटं कापून वाजवलेली ती पहिली,
जिच्यात चौथ्या गाण्याआधी कुणीतरी शिंकतं
आणि ती शिंक आता कोत्का बंदरातल्या
पोराटोरांनाही तोंडपाठ आहे.

मीही तिच्याबद्दलच बोलले असते.
एकोणीस वर्षांची होते, कागद-गिरणीत रात्रपाळी,
यंत्रांच्या आवाजापायी कानात कापसाचे बोळे
आणि बोळ्यांच्या आत 'शेवटची फेरी'.
हे बँडचं नाव. बेटांकडे जाणाऱ्या रात्रीच्या बोटीवरून ठेवलेलं,
जी चौघांपैकी एकाची तरी रोज चुकायची.

दुसरी त्यांना हेलसिंकीला घेऊन गेली.
टीव्ही, पांढरे बूट, गायकाच्या पडक्या दाताजागी नवा दात
(आणि त्या दातापायी गेलेला त्याचा तो शीळ घातल्यासारखा 'स').
ती घरोघर होती. रेइयोने आधी ती आणली,
मग मला.

आमच्या घटस्फोटात तसं भांडण झालंच नाही.
बोट त्याला, सौना मला, कुत्रा मुलीकडे.
अडलं ते एका तबकडीपाशी.
वकीलबाईंनी चष्मा काढून विचारलं,
"हिची साधारण किंमत काय धरू?"
आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो.
दुसरी त्याच्याकडे गेली.
तिसरी कुणी मागितलीच नव्हती,
म्हणून माझ्याकडे राहिली.

तिसरी!
जिच्याआधी ड्रमर काउको एका सोमवारी
कुणाला न सांगता स्वीडनला निघून गेला,
मोटारींच्या कारखान्यात दारं बसवायला.
यांनी त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही.
जिथे त्याचा ठोका पडायचा तिथे भोक ठेवलं, तसंच.
आठ गाणी, आणि प्रत्येकात एक रिकामी खुर्ची.
पेपरवाल्यांनी लिहिलं, अर्धवट काम.
दुकानात ती निम्म्या किमतीत, बुटांच्या नाड्यांशेजारी.
मी स्वतः तिच्यावर जिरेनियमची कुंडी ठेवली होती,
खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबर होता. दुपारी साडेतीनला अंधार.
मातीचं ते गोल वळ पुसलं आणि लावली,
केवळ घरात दुसरं काही आवाज करत नव्हतं म्हणून.
पहिल्याच गाण्यात ते भोक आलं
आणि माझा पाय आपोआप जमिनीवर आपटला.
पुढचं आलं. पुन्हा आपटला.
कडव्यामागून कडवं माझ्याकडे ठोका मागत गेलं
आणि मी देत गेले,
चमच्याने, टाचेने, फ्रिजच्या दारावर मुठीने,
शेवटी खालच्या मजल्यावरच्या लिंडहोमबाईंनी
वैतागून काठीने छत बडवलं,
अगदी समेवर.

चौथीबद्दल मला विचारू नका.
माझ्याकडे आहे. वरचा प्लॅस्टिकचा कागद
अजून काढलेला नाही.

त्यांचा बेसवाला उर्हो वाइनिक्का
आता रेल्वे फाटकापाशी टायर बदलतो.
ऑक्टोबरात हिवाळी, एप्रिलात उन्हाळी,
बावीस वर्षं मी गाडी त्याच्याचकडे नेते.
तो कोण आहे मला ठाऊक आहे.
मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक आहे.
आमच्याकडे अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत,
दार उघडं टाकल्यासारखं होतं, थंडी आत येते.

तो गुडघ्यावर बसतो. कमरेत थोडा वाकलाय हल्ली.
चार नट सलग आवळतो
आणि पाचव्याआधी थांबतो.
नेमकं तेवढंच, जेवढं तिसरीच्या दुसऱ्या बाजूला,
शेवटच्या गाण्यात.
मी पाकीट हातात धरून उभी असते.
बोनेटवर एकदाच बोट टेकवते.

तो पाचवा आवळतो.
"शंभर किलोमीटरनंतर तपासून घ्या," म्हणतो,
हात पुसत, माझ्याकडे न बघता,
"सैल पडतात."